अथासची तहान काढून घेऊ नका : डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या रचनाकारांना खुलं पत्र

प्रति,
डंजन्स अँड ड्रॅगन्सचे संपादक, रचनाकार आणि या खेळाच्या जुन्या जगांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते सर्वजण

सप्रेम नमस्कार.

२०२५ साली तुम्ही काही नवे सबक्लास, म्हणजे पात्रांच्या पेशांचे (क्लासचे) उपप्रकार, चाचणीसाठी लोकांपुढे ठेवलेत. त्यात ग्लॅडिएटर फायटर होता, सॉर्सरर-किंगच्या (जादूगार राजाच्या) आश्रयाला गेलेला वॉरलॉक होता, डिफायलिंग (जमिनीचा जीव शोषून जादू) करणारा सॉर्सरर होता आणि जमीन राखणारा ड्रुइड होता. 'डार्क सन', म्हणजे अथास या वाळवंटी जगातला खेळ, ज्याने एकदा जरी खेळला असेल, त्याला ही नावं कुठल्या वाळवंटातून आली हे सांगावं लागत नाही. अथास परत येण्याची चिन्हं आहेत म्हणून आमच्या टेबलावर आनंद झाला. पण त्या पानांवरून त्याला नव्या नियमांत कसं बसवायचं चाललंय याचा जो अंदाज येतो, तो मला मान्य नाही. छापून हातात पडल्यावर कुरकुर करण्यात अर्थ नसतो, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

मी नागपूरची. रविवारी आमच्या प्रतापनगरच्या घरी टेबल भरतं आणि मी डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारी) असते. खेळणाऱ्यांत एक बँकेतले आहेत, एक कोराडीच्या वीज केंद्रात शिफ्ट करून येतात, दोघी इंजिनिअरिंगला आहेत, एक शाळेत भूगोल शिकवतो. खेळ सगळा मराठीतून, म्हणजे आमच्या नागपुरी बोलीतून चालतो. पुस्तकं तेवढी इंग्रजी. १९९१ चा डार्क सनचा मूळ डबा मला अमेरिकेहून परतलेल्या मावसभावाकडून मिळाला. त्यातला कापडावर छापल्यासारखा वाटणारा नकाशा आता घड्यांवर फाटला आहे. नियमांची तिसरी एडिशन आली, साडेतीन आली, चौथी, पाचवी, आणि २०२४ ची सुधारित पाचवी. प्रत्येक वेळी मी हे जग उचलून नव्या नियमांत आणलं, आणि आणताना काय तुटतं ते दरवेळी जवळून पाहिलं.

हा खेळ न खेळलेल्या वाचकांसाठी थोडक्यात : टेबलाभोवती चार-सहा जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, डीएम जग उभं करतो आणि अडलेल्या ठिकाणी फासे निकाल देतात. नियमांचं पुस्तक वेगळं आणि ज्या जगात गोष्ट घडते ते जग, म्हणजे सेटिंग, वेगळं. नियम दर आठ-दहा वर्षांनी बदलतात. बऱ्याच सेटिंग्ज मात्र १९८० आणि ९० च्या दशकांतल्या आहेत आणि लोकांचा जीव त्यांच्यात अडकलेला आहे. अथास हे त्यांतलं एक. तिथे समुद्राच्या जागी गाळाचा पसारा आहे, लोखंड जवळपास नाही, देव नाहीत, आणि प्रत्येक मोठ्या शहरावर एक सॉर्सरर-किंग शेकडो वर्षं ठाण मांडून बसला आहे. जादूने जमिनीचा जीव शोषला म्हणून हे वाळवंट झालं.

आकड्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधी सांगते. जुन्या नियमांत आर्मर क्लास (पात्राला मार लागणं किती कठीण ते सांगणारा आकडा) जितका कमी तितका चांगला असायचा. वीसातून तो वजा केला की नवा आकडा मिळतो. ३ चा १७ होतो. थॅकोचंही (हल्ला लागायला फाशावर किती हवं ते सांगणारा जुना आकडा) तेच : १५ असेल तर हल्ल्याला +५. सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्यासाठी टाकायचे फासे) पाच प्रकारचे होते, तिसऱ्या एडिशनने तीन केले, पाचवीने सहा. ही कामं एका संध्याकाळी होतात आणि नवे नियम शिकायला सोपेही आहेत. थॅको समजावताना जी मुलं पहिल्याच तासात कंटाळून उठायची, ती आज टिकतात. मी जुन्याची भक्त म्हणून हे लिहीत नाही.

माझी पहिली तक्रार पाण्याची आहे.

२०१४ च्या तुमच्याच पुस्तकात लिहिलंय की माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं आणि हवा गरम असेल तर दोन, म्हणजे सुमारे साडेसात लिटर. नियम चांगला आहे. पण त्याच पुस्तकात क्लेरिक (पुरोहित) आणि ड्रुइडला (निसर्गपूजकाला) पहिल्या लेव्हलचं असं स्पेल (मंत्र) आहे की एका दमात दहा गॅलन स्वच्छ पाणी मिळतं. पाच जणांची भर उन्हातली दिवसभराची गरज एका स्पेलमध्ये भागली. त्याच्या जोडीला गुडबेरी : दहा बोरं, एक बोर खाल्लं की एका माणसाचं दिवसाचं जेवण झालं. आउटलँडर पार्श्वभूमीचं पात्र स्वतःसह सहा जणांचं अन्नपाणी रोज शोधून आणतं, जमीन देणारी असली की झालं. आणि रात्रभर विश्रांती घेतली की सगळे हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारे गुण) परत. दुसऱ्या एडिशनमध्ये साध्या विश्रांतीने दिवसाला एक परत यायचा.

यातली एकेक गोष्ट तुमच्या हिरव्या, नद्यांच्या जगात ठीक आहे. अथासमध्ये त्या चौघी एकत्र आल्या की वाळवंट ओलांडणं म्हणजे नकाशावर रेघ मारणं उरतं. जुन्या डार्क सनमध्ये क्लेरिक एकेका तत्त्वाचे होते : आग, वारा, माती, पाणी. पाण्याचा क्लेरिक सोबत आहे की नाही यावर काफिल्याचं भवितव्य ठरायचं. गावात त्याला घर मिळायचं, मुलगी द्यायला लोक तयार व्हायचे, आणि टोळ्या त्याला पळवून न्यायच्या. आमच्या एका कॅम्पेनमधला अर्धा काळ अशाच एका पळवलेल्या क्लेरिकच्या शोधात गेला. दहा गॅलनचं स्पेल कुठल्याही क्लेरिकला मिळालं की ती सगळी गोष्टच घडत नाही.

आम्ही नागपूरकर आहोत. नवतप्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, कूलरमध्ये टाकायला पाणी आहे का हे बघून मग झोपायचं ठरतं. टँकर कधी येतो यावर आंघोळी ठरवणारी घरं आमच्या टेबलावर आहेत. अथासमध्ये जेव्हा कुणी विचारतं, "पाणी किती उरलं बे?" तेव्हा टेबलावरचा प्रत्येक जण स्वतःच्या कागदावरचा आकडा बघतो, आणि दोन घोट कुणाला द्यायचे यावर जे भांडण होतं ते कुठल्याही ड्रॅगनशी झालेल्या लढाईपेक्षा जास्त लक्षात राहतं. हे भांडण नियमांतून येतं. वर्णनात "इथे पाणी दुर्मीळ आहे" असं कितीही सुंदर लिहिलंत आणि नियमांनी ते फुकट वाटलंत, तर खेळणारा नियमावर विश्वास ठेवतो. ठेवणारच, फासे त्याच्याच हातात आहेत.

धातूचंही तेच, ते थोडक्यात सांगते. २०१४ च्या पुस्तकातला फायटर पहिल्याच दिवशी साखळी चिलखत अंगात घालून उभा राहू शकतो. अथासमध्ये हाडाचं खड्ग आणि ऑब्सिडियनचा भाला, चलन भाजलेल्या मातीचं, आणि पोलादी तलवार ज्याच्याकडे आहे त्याची गाणी होतात. सुरुवातीच्या सामानाची यादी जगाने लिहायची असते.

दुसरी तक्रार माझ्यासाठी सर्वांत मोठी आहे. ती डिफायलिंगची.

१९९१ मध्ये विझार्ड दोन वाटांचे होते. प्रिझर्व्हर जपून जादू करायचा. डिफायलर भोवतालच्या झाडाझुडपांचा जीव ओढून घ्यायचा, पायाखाली राख उरायची, आणि बदल्यात त्याच्या लेव्हल लवकर चढायच्या. २०१० मध्ये चौथ्या एडिशनच्या डार्क सनने हे आणखी पुढे नेलं, आणि ती एडिशन लोकांना कितीही नावडती असली तरी माझ्या मते या एका बाबतीत तिच्याइतकं चांगलं काम आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालेलं नाही. तिथे आर्केन, म्हणजे विझार्डांच्या जातीची जादू करणाऱ्या कुणालाही, दिवसातून एकदाच वापरता येणारी मोठी शक्ती वापरताना, त्या क्षणी ठरवता यायचं : डिफाइल करतो, फासा पुन्हा टाकतो. किंमत म्हणून जवळ उभे असलेले स्वतःचेच सोबती जखमी व्हायचे.

हे टेबलावर काय करतं ते मी पाहिलंय. आमचा विझार्ड चालवणारा मुलगा अतिशय सज्जन. त्याच्या पात्राने कधी गवताचं पातंही जाळलं नव्हतं. टायर नावाच्या शहराच्या रस्त्यावर टेंप्लर, म्हणजे राजाचे अधिकारी, मागे लागले, त्याचा फासा चुकला, आणि शेजारी उभ्या असलेल्या पात्राच्या अंगात जेमतेम जीव उरलेला होता. सगळे गप्प. मग तो जखमी पात्र चालवणाराच म्हणाला, "कर बे, मी पाहून घेतो." त्याने केलं. लढाई जिंकली. त्यानंतर पुढच्या कित्येक रविवारी, जिंकून झाल्यावरही, ते दोघं त्या निर्णयावर बोलत होते. हा मोह प्रत्येक जादूगाराला प्रत्येक वेळी पडतो, एवढंच अथास आहे. एक अख्खं जग त्या मोहानेच जळालं.

तुम्ही डिफायलिंग सॉर्सररचा एक सबक्लास करून ठेवता तेव्हा काय होतं? ज्याने तो सबक्लास घेतला तो डिफायलर. बाकीच्या विझार्ड, वॉरलॉक, बार्ड सगळ्यांना निर्दोषत्व मिळालं. त्यांना मोहच उरला नाही. आणि ज्याने घेतला त्यालाही उरला नाही, कारण त्याने पात्र बनवतानाच उत्तर देऊन टाकलं. ही गोष्ट सबक्लासच्या पानावर बसत नाही. ती जादूच्या मूळ नियमाशेजारी, त्या जगात जादू करणाऱ्या प्रत्येकासाठी लिहायला हवी.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, तरी स्पष्ट लिहिते. अथासमध्ये गुलामी आहे. ती ठेवायची की नाही यावरून तुमच्याकडे घालमेल असणार हे मी समजू शकते. २०२२ मध्ये स्पेलजॅमर या अवकाशी जहाजांच्या सेटिंगमधल्या हॅडोझींच्या कहाणीवरून जे झालं ते आम्हीही वाचलं. वानरासारखी दिसणारी माणसं, एका जादूगाराने त्यांना विकण्यासाठी वाढवलेलं, आणि सुटकेत त्याच्याच शिष्यांचा हात. तुम्ही माफी मागितलीत, मजकूर काढलात. योग्य केलंत. पण त्यातून "हा विषयच नको" असा धडा घेऊ नका, ही विनंती.

हे मी नागपुरातून सांगते आहे. आमच्या शहरात दीक्षाभूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथे लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला, आणि माणसाचं माणूसपण नाकारणारी व्यवस्था नाकारली. आमच्या टेबलावर अशा घरांतली मुलं आहेत ज्यांच्या आजी-आजोबांनी तो दिवस डोळ्यांनी पाहिला. त्यांच्यापैकी एकीने स्वतःहून खाणीतून पळालेली गुलाम स्त्री खेळायला निवडली आणि तिच्या पात्राने टायर शहरात जे केलं, ते मी डीएम म्हणून कधी सुचवू शकले नसते. डार्क सनची चौथ्या एडिशनमधली सुरुवात टायरचा राजा कलाक मेल्यानंतर आणि तिथले गुलाम मुक्त झाल्यानंतर लगेच होते. गुलामी पुसून टाकलीत तर ते बंड पुसलं जातं, आणि ते बंड करणाऱ्यांच्या जागी बसून खेळायचा आमचा हक्कही जातो. गुलामी ही राजांची रंगीत सजावट म्हणून छापू नका. गुलामांच्या बाजूने लिहा. टेबलावर आधी बोलून मर्यादा ठरवण्याच्या चांगल्या पद्धती आज आहेत, त्या पुस्तकात द्या. आणि ज्यांच्या घरात हा इतिहास आहे अशा लोकांना, छपाईच्या आधी, मोबदला देऊन वाचायला द्या.

रॅव्हेनलॉफ्ट या भयकथांच्या सेटिंगमध्ये तुम्ही हे करून दाखवलंय. २०२१ च्या पुस्तकात व्हिस्तानींचं जुनं, भटक्या लोकांना चोर-लबाड ठरवणारं चित्रण बदललंत, ते मला मनापासून आवडलं. त्याच पुस्तकात मात्र सगळे प्रदेश धुक्यातली सुटी बेटं करून टाकलीत. आधी त्यांतल्या बऱ्याच प्रदेशांना एकमेकांच्या सीमा होत्या. त्यावरून व्यापार होता, हेरगिरी होती, निर्वासित होते, फाल्कोव्हनियाची फौज शेजाऱ्यांवर चालून जायची. बेटांवर शेजारी नसतो.

चौथी तक्रार : नियम बदलले म्हणून जगावर प्रलय आणण्याची सवय. फर्गॉटन रिल्म्स हे जग १९८७ मध्ये आलं. दुसऱ्या एडिशनमधून असॅसिन (मारेकरी) क्लास काढला, म्हणून तिथल्या १३५८ सालात देव पृथ्वीवर उतरवले आणि त्या उलथापालथीत साऱ्या असॅसिनांचा जीव घेतला. चौथी एडिशन आली तेव्हा १३८५ मध्ये जादूची देवी मारली, स्पेलप्लेग नावाच्या जादूच्या प्रलयाने देशच्या देश उद्ध्वस्त केले आणि गोष्ट १४७९ पर्यंत पुढे ढकलली. ज्या राजांशी, खानावळवाल्यांशी लोकांच्या पात्रांची वर्षानुवर्षं ओळख होती ते एका पुस्तकात मेले. पाचवीत त्यातलं बरंच परत जोडावं लागलं. अथासलाही हे भोगावं लागलं आहे : कादंबऱ्यांमध्ये बहुतेक मोठ्या घटना घडून गेल्या आणि १९९५ च्या सुधारित डब्यात खेळणाऱ्यांच्या वाट्याला उरलं ते दुसऱ्यांनी जिंकलेल्या लढायांचं वर्णन. २०१० मध्ये तुम्हीच शहाणपणा करून घड्याळ मागे नेलंत.

नियमांची आवृत्ती बदलली हे त्या जगातल्या शेतकऱ्याला कळायची काय गरज? एबेरॉन या सेटिंगकडे बघा. २००४, २००९ आणि २०१९, तीन एडिशनमध्ये ते आलं आणि तिन्ही वेळा गोष्ट ९९८ सालीच सुरू होते. चौथ्या एडिशनने ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनसारखे दिसणारे लोक) आणले, तर त्यांना क्यू'बाराच्या जंगलात जागा करून दिली. कुणाला मारावं लागलं नाही. माझा २००४ चा नकाशा आजही चालतो. दुसऱ्या घरातलं उदाहरण हवं असेल तर दुसऱ्या कंपनीचा कॉल ऑफ क्थुल्हू हा खेळ घ्या. १९८४ मध्ये पहिल्यांदा आलेली त्यांची 'मास्क्स ऑफ न्यारलाथोटेप' मोहीम २०१८ मध्ये सातव्या एडिशनसाठी नव्याने निघाली, आणि जुनी कुठलीही कथा आजच्या नियमांत आणायला पात्राचे मूळ गुण पाचाने गुणले की बहुतेक काम होतं.

स्पेलजॅमरबद्दल फार लिहीत नाही. २०२२ मध्ये ६४-६४ पानांची तीन पुस्तकं दिलीत, त्यातलं एक राक्षसांचं, एक साहसकथेचं. जगासाठी उरलं एक, आणि त्यात जहाजांच्या लढाईला काही पानं. ज्या सेटिंगचं नावच जहाजावरून आहे तिथे हे पुरत नाही.

शेवटची तक्रार दाराला लावलेल्या कुलपाची. तिसऱ्या एडिशनच्या काळात अथासचं रूपांतर तुम्ही चाहत्यांच्या एका गटावर अधिकृतपणे सोपवलं होतं आणि त्या लोकांनी बिनपगारी, जीव ओतून काम केलं. २०१६ पासून रॅव्हेनलॉफ्ट, २०१८ पासून एबेरॉन अशा जगांसाठी चाहत्यांना पाचव्या एडिशनचं स्वतःचं साहित्य तुमच्या बाजारात विकता येऊ लागलं. अथासला ती परवानगी दिली नाहीत. म्हणजे तुम्हीही काढायचं नाही आणि आम्हीही काढायचं नाही. "आपापल्या टेबलावर हवं ते करा" हे उत्तर मला माहीत आहे. आम्ही करतोच, माझ्या वहीत सगळं लिहिलेलं आहे. पण ज्या मुलीला पुढच्या वर्षी पहिल्यांदा अथास चालवायचं आहे, तिच्याकडे ना जुना डबा आहे ना माझी वही. तिला तुमच्या पुस्तकात जे मिळेल तेच तिचं अथास.

तेव्हा मागण्या अशा आहेत.

अथासच्या पुस्तकात जगाचे नियम मूळ नियमांवर चढ असू द्या. कुठली स्पेल्स इथे नाहीत, कुठली बदलली, कुठले क्लास बसत नाहीत, हे ठामपणे आणि पहिल्याच प्रकरणात लिहा. सगळ्यांना सगळं मिळालं पाहिजे हा आग्रह इथे सोडा. १९९१ मध्ये पॅलाडिन नव्हते आणि कुणाचं अडलं नाही. विश्रांतीचा, पाण्याचा, धातूचा नियम अथाससाठी वेगळा हवा.

डिफायलिंग सबक्लासमधून बाहेर काढा आणि जादू करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ठेवा, किमतीसह.

गुलामी आणि तिच्याविरुद्धचं बंड, दोन्ही ठेवा.

२००० साली तिसऱ्या एडिशनसोबत तुम्ही एक छोटी रूपांतर-पुस्तिका मोफत दिली होती. पाचव्या एडिशनसाठीही तशी काही पानं दिलीत. तशीच एक डार्क सनसाठी द्या, म्हणजे ज्यांच्याकडे जुनी साहसं आहेत त्यांना ती पुन्हा विकत घ्यावी लागणार नाहीत. आमच्याकडे येईपर्यंत तुमच्या पुस्तकाची किंमत एखाद्या विद्यार्थ्याच्या महिन्याच्या मेसच्या बिलाशी स्पर्धा करते, हेही लक्षात असू द्या.

नवं आलं म्हणून जुन्या पीडीएफ बाजारातून उठवू नका. एप्रिल २००९ मध्ये त्या एका झटक्यात काढल्या गेल्या आणि २०१३ मध्ये परत येऊ लागल्या. मधल्या काळात पैसे देऊन प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्यांना वाटच नव्हती. जुन्या मजकुरातल्या पूर्वग्रहांबद्दल सुरुवातीला सूचना असते, ती राहू द्या; तिला माझी हरकत नाही.

आणि अथास चाहत्यांसाठी खुलं करा. जानेवारी २०२३ मध्ये लोकांनी आवाज उठवल्यावर तुम्ही पाचव्या एडिशनचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केलेत. तुमचा धंदा बुडाला नाही. एका वाळवंटाला परवानगी दिल्यानेही बुडणार नाही.

चाचणीसाठी टेबल हवं असेल तर आमचं तयार आहे. एप्रिल-मे महिन्यांत पाठवा. पाण्याचे नियम तपासायला याहून चांगली जागा आणि ऋतू मिळणार नाही. आम्ही खेळून, काय चाललं आणि काय तुटलं ते ओळीने लिहून पाठवू.

आपली,
प्रतापनगर, नागपूर येथील एक डीएम